सॉलिसिटर नायक, १९५६चा विषप्रयोग आणि जुन्या कथांचा संग्रह: कायदा व संपादनाचे तपशील हवेत

शेवटचं_पान (धागाकर्ता)

मंडळी, इंग्लंडात घडणाऱ्या रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा चालू आहे. नायक लिव्हरपूलचा सॉलिसिटर, म्हणजे अशिलांचं काम थेट घेणारा, कार्यालयात बसणारा वकील. वकिली सांभाळून तो रहस्यकथा लिहितो, शिवाय १९२० ते १९५० या काळातल्या विस्मरणात गेलेल्या कथांचे संग्रह संपादित करतो. एका कथेच्या परवानगीसाठी वारसाचा माग काढताना त्याला कळतं, की तिची लेखिका १९५६ साली विषप्रयोगाने मेली आणि त्यासाठी तिच्या नवऱ्याला फाशी झाली. चालू काळात, म्हणजे २०२४ मध्ये, आणखी एक खून होतो आणि नायकाचा अशील पकडला जातो.

अडलेल्या जागा अशा:

१. एकच माणूस एवढे उद्योग करतो हे वाचकाला पटेल का?
२. अटकेनंतर पोलिस ठाण्यात नेमकं काय आणि किती वेळ चालतं? अशिलाने नायकाजवळ गुन्हा कबूल केला तर?
३. १९५६चा खटला आणि फाशी: कशात चूक होऊ शकते?
४. खलनायक खरं मृत्युपत्र जाळतो. पुढे वाड्यातल्या ग्रंथालयात सगळे जमतात आणि वकील मृत्युपत्र वाचून दाखवतो. चालेल?
५. संग्रहासाठी परवानगी कशी मिळवतात?

अर्धा_विग

पहिला प्रश्न सोडून द्या, तिथे वास्तव तुमच्या बाजूने आहे. रहस्यलेखक मार्टिन एडवर्ड्स लिव्हरपूलमध्येच कामगार कायद्याचे सॉलिसिटर होते. त्यांची पहिली कादंबरी १९९१ची, आणि तिचा नायकही लिव्हरपूलचा सॉलिसिटर. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या जुन्या रहस्यकथांच्या मालिकेचे ते सल्लागार झाले, २०१५ मध्ये डिटेक्शन क्लब या रहस्यलेखकांच्या मंडळाचे अध्यक्ष झाले, २०२० मध्ये डायमंड डॅगर हा रहस्यलेखनाचा जीवनगौरव पुरस्कार. त्याआधीच्या पिढीत मायकेल गिल्बर्ट सॉलिसिटर होते आणि लंडनला कामावर जाताना रेल्वेत लिहायचे. सिरिल हेअर या नावाने लिहिणारे गृहस्थ तर काउंटी कोर्टाचे न्यायाधीश. त्यांच्या १९४२च्या कादंबरीत खुनाचा हेतू एका कायद्याच्या कलमात दडलाय. कोणत्या, ते सांगत नाही.

खरी अडचण वेगळी आहे: तुमचा नायक कोणत्या प्रकारची वकिली करतो? कामगार कायद्याचा किंवा मालमत्तेचा सॉलिसिटर रात्री ठाण्यात धावत जात नाही. कायद्याने जाऊ शकतो, पण जे काम येत नाही ते घेणं त्याच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. तो फोन करून फौजदारी काम करणाऱ्या सहकाऱ्याला पाठवेल. तेव्हा त्याला मृत्युपत्रं आणि वारसाहक्क बघणारा भागीदार करा, आणि त्याच कार्यालयात फौजदारी बघणारी एक सहकारी द्या. दोघांत खटके उडाले तर उत्तमच.

कोर्टातल्या नेहमीच्या चुका: इंग्लंडच्या न्यायाधीशाकडे हातोडा नसतो, कधीच नव्हता. वकील ज्यूरीसमोर येरझाऱ्या घालत नाहीत, आपल्या जागेवरून बोलतात. 'ऑब्जेक्शन!' म्हणून कुणी ओरडत नाही. समोरचा उठून उभा राहिला की बोलणारा थांबतो आणि आक्षेप सौम्य शब्दांत येतो. क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या न्यायालयात, खुनाचा खटला नायक स्वतः लढवणार नाही, त्यासाठी तो बॅरिस्टर (न्यायालयात युक्तिवाद करणारा वकील) नेमेल. ज्येष्ठ बॅरिस्टर २०२४ मध्ये 'केसी' (किंग्ज काउन्सेल), पण राणीच्या काळात, १९५२ ते सप्टेंबर २०२२, 'क्यूसी'. जुन्या काळातला उमेदवार 'आर्टिकल्ड क्लार्क', आजचा 'ट्रेनी सॉलिसिटर'.

आणि चुकूनही गोष्ट स्कॉटलंडला नेऊ नका. तिथे कोरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) नाही, ज्यूरी पंधरा जणांची, सगळी यंत्रणाच निराळी.

कोठडीची_घडी

प्रश्न २. हे प्रकरण पोलिस आणि फौजदारी पुराव्याच्या १९८४च्या कायद्यावर चालतं, इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलीत 'पेस'. कागदावर घड्याळ मांडा, प्रसंग आपोआप रचले जातात.

समजा सोमवारी रात्री ९:१० ला घरी अटक, ९:५० ला ठाण्यात. घड्याळ ९:५० पासून धावतं, अटकेपासून नव्हे. कस्टडी ऑफिसर, म्हणजे तपासाशी संबंध नसलेला सार्जंट, १०:०५ ला कोठडी मंजूर करतो. तिथून सहा तासांच्या आत, पहाटे ४:०५ पर्यंत, पहिला आढावा. त्यानंतर दर नऊ तासांच्या आत पुढचा. मंगळवारी रात्री ९:५० ला २४ तास भरतात. तोवर आरोप ठेवला नाही तर सोडायचं, किंवा सुपरिटेंडेंटने ३६ तासांपर्यंत मुदत वाढवायची, म्हणजे बुधवार सकाळी ९:५०. ही वाढ दुसऱ्या आढाव्याच्या आधी देता येत नाही. त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. एका वॉरंटने जास्तीत जास्त ३६ तास, आणि सगळं मिळून ९६ तासांच्या वर काहीही झालं तरी नाही: शुक्रवार रात्री ९:५०.

मधे चोवीस तासांत सलग आठ तास विश्रांती द्यावी लागते, शक्यतो रात्री. म्हणजे मध्यरात्री दिव्याखाली घाम फोडणारी चौकशी बाद. संशयिताला इस्पितळात नेलं तर जाण्यायेण्याचा आणि तिथला वेळ मोजत नाहीत, मात्र तिथे गुन्ह्याबद्दल प्रश्न विचारले तर तेवढा वेळ मोजतात. लेखकाच्या हातातली ही सगळ्यात उपयोगी फट.

पोलिस संशयिताला देतात ती सूचना अशी असते: तुम्ही काहीही बोललंच पाहिजे असं नाही. पण प्रश्न विचारताना जे सांगितलं नाही त्याचाच पुढे न्यायालयात आधार घेतलात, तर बचावाला बाधा येऊ शकते. जे बोलाल ते पुराव्यात दाखल होऊ शकतं. मधलं वाक्य १९९५ पासूनचं, १९५०च्या दशकातल्या पोलिसाच्या तोंडी घालू नका. 'तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल' हे सिनेमातलं, इंग्लंडात 'विरुद्ध' म्हणत नाहीत.

चौकशीआधी पोलिस सॉलिसिटरला पुराव्याची थोडीच कल्पना देतात, ठरवून थोडी. मग तीन वाटा: उत्तरं देणं, प्रत्येक प्रश्नाला 'नो कॉमेंट', किंवा लेखी निवेदन वाचून दाखवून पुढे गप्प. मुरलेला वकील बऱ्याचदा तिसरी निवडतो, कारण बचावाचा मुख्य मुद्दा नोंदला जातो आणि उलटसुलट प्रश्नांत अशील घसरत नाही. 'वकिलाने गप्प राहायला सांगितलं' एवढ्याने ज्यूरीचा प्रतिकूल निष्कर्ष टळत नाही. का सांगितलं हे उलगडायला गेलं, तर गोपनीयतेचं कवच तेवढ्यापुरतं गळून पडू शकतं.

कबुली: नायक ती कुणालाही सांगू शकत नाही. पोलिसांना नाही, बायकोला नाही, अशील मेल्यावरही नाही. पण तो न्यायालयाची फसवणूकही करू शकत नाही. अशील गुन्हा कबूल करूनही खटल्यात 'मी निर्दोष' म्हणणार असेल, तर वकील सरकारी पुरावा किती टिकतो ते तपासू शकतो, त्यातली भोकं दाखवू शकतो. खोटी 'मी तिथे नव्हतोच' साक्ष मात्र उभी करू शकत नाही. अशील हटून बसला तर काम सोडायचं, आणि न्यायालयाला सांगायचं फक्त 'व्यावसायिक कारणामुळे'. हे ऐकून कोर्टातल्या प्रत्येक वकिलाला काय घडलं ते कळतं, पण बोलत कुणी नाही. या शांततेचं एक पान तरी लिहाच.

अपवाद १८८४च्या एका निकालापासूनचा: पुढे करायच्या गुन्ह्यासाठी वकिलाचा सल्ला घेतला, तर तो संवाद मुळातच गोपनीय नाही. आणखी एक: एकाच गुन्ह्यातल्या दोन संशयितांचे हितसंबंध आपटले, तर एका कार्यालयाने दोघांचं काम घ्यायचं नाही. 'नवरा-बायको दोघांचा वकील एकच' हा प्रसंग तिथेच कोसळतो.

जुनी_फाईल

प्रश्न ३, आणि वाईट बातमी. १९५६ साली ब्रिटनमध्ये एकालाही फाशी दिली गेली नाही. त्या वर्षी संसदेच्या खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, फाशी रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं, वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, जुलैत फेटाळलं. हा वाद चालू असताना शिक्षा सुनावल्या जात, पण अंमल होत नव्हता. ऑगस्ट १९५५ ते जुलै १९५७ ही पोकळी आहे. तुमचा नवरा त्या वर्षी लटकूच शकत नाही.

पुढे ढकलूनही उपयोग नाही. २१ मार्च १९५७ पासून खुनांचे दोन वर्ग झाले. गोळी झाडून, स्फोटाने, चोरीच्या ओघात, पोलिसाचा किंवा तुरुंग अधिकाऱ्याचा, असे काही खून तेवढे फाशीचे राहिले. थंड डोक्याने केलेला विषप्रयोग त्या यादीत नव्हता! त्यावर तेव्हाही टीका झाली. म्हणून मागे जा. १९५४ करा.

१९५४चं चित्र: तपास लिव्हरपूल सिटी पोलिसांचा. आधी मॅजिस्ट्रेटसमोर प्राथमिक सुनावणी, साक्षीदारांचे जबाब उतरवून, वाचून दाखवून, सही घेऊन. मग सेंट जॉर्जेस हॉलमध्ये असाइझ कोर्ट, म्हणजे फिरत्या न्यायाधीशाचं ठरावीक काळाने भरणारं न्यायालय. आजचं क्राउन कोर्ट देशभर १९७२ पासून, सरकारी वकिलांची क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस १९८६ पासून. ज्यूरीचा निर्णय बारा विरुद्ध शून्य हवा, बहुमत १९६७ नंतर. ज्यूरीत बसायला मालमत्तेची अट होती, त्यामुळे बहुतेक मध्यमवयीन घरमालक पुरुष. अपील कोर्ट ऑफ क्रिमिनल अपीलमध्ये. त्याला शिक्षा रद्द करता यायची, पण नव्याने खटला चालवा असा हुकूम देता यायचा नाही. शिक्षा आणि फाशी यांत तीन रविवार जाऊ देण्याचा प्रघात. जागा लिव्हरपूलचा वॉल्टन तुरुंग.

इन्क्वेस्ट, म्हणजे कोरोनरने केलेली मृत्यूची चौकशी: तेव्हा कोरोनरची ज्यूरी खुनी म्हणून नाव घेऊ शकत होती. हा अधिकार १९७७च्या कायद्याने गेला, १९७५ मध्ये लॉर्ड लुकन या बेपत्ता उमरावाच्या प्रकरणात तो गाजला होता. पण कुणावर खुनाचा आरोप आधीच ठेवला असेल तर कोरोनर चौकशी तहकूब करतो. म्हणजे अटक इन्क्वेस्टच्या आधी की नंतर, हे ठरवूनच प्रकरण लिहा. आजचा कोरोनर फक्त कोण, कधी, कुठे, कसं एवढंच ठरवतो.

विष: आर्सेनिक असेल तर विक्रेत्याच्या विषनोंदवहीत खरेदीदाराची सही लागते. १८५१च्या कायद्यापासून किरकोळ विक्रीच्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळावी लागे. म्हणून पांढऱ्या दुधात ते मिसळण्याची कल्पना फसते, गडद कोको बरा. २०२४ मध्ये थडगं उकरायचं असेल तर न्याय मंत्रालयाचा परवाना किंवा चर्चच्या पवित्र जमिनीत चर्चची परवानगी, प्रसंगी दोन्ही. केसांत आणि हाडांत आर्सेनिक टिकतं, पण थडग्याच्या वरची, खालची आणि थोड्या अंतरावरची माती तपासल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, कारण ते जमिनीतूनही झिरपतं. दहन केलं असेल तर विसरा.

नवऱ्याचं नाव आज निर्दोष ठरवायचं असेल तर थेट अपील करता येत नाही, मृत्यूला एक वर्ष उलटलेलं असतं. आधी चुकीच्या शिक्षा तपासणाऱ्या क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशनकडे अर्ज, त्यांनी पाठवलं तरच अपील. डेरेक बेंटलीला जानेवारी १९५३ मध्ये फाशी झाली, त्याची शिक्षा जुलै १९९८ मध्ये याच वाटेने रद्द झाली.

वाटसरू_७१

वाचनखूण साठवली.

प्रश्न ४ सोपा आहे. मृत्युपत्र जाळलं की रद्द, विषय संपला. मग वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे वाटणी.

दोन_साक्षीदार

वाटसरू, नाही हो. १८३७चा कायदा आजही लागू आहे आणि तो सांगतो की जाळणारा स्वतः मृत्युपत्र करणारा हवा, किंवा त्याच्या समोर त्याच्या सांगण्यावरून दुसरा कुणी, आणि रद्द करण्याचा हेतूही हवा. खलनायकाने चोरून जाळलं तर मृत्युपत्र कायद्याने जिवंतच असतं. प्रत किंवा खर्डा दाखवून ते सिद्ध करता येतं.

मेख पुढे आहे. मूळ कागद शेवटी मृताच्याच ताब्यात होता आणि आता सापडत नाही, तर न्यायालय गृहीत धरतं की त्यानेच तो नष्ट केला. उलट तो सॉलिसिटरच्या तिजोरीत होता, तर हे गृहीतक लागू होत नाही. म्हणजे सगळं रहस्य 'शेवटी कागद कुणाकडे होता' या एका पावतीवर फिरू शकतं. कार्यालयाच्या डीड बॉक्समध्ये (दस्तऐवजांच्या पेटीत) कार्बन प्रत, भेटीचं टिपण आणि 'मूळ प्रत अशिलाला दिली' असं लिहिलेली, सही नसलेली पावती ठेवा.

वैधतेच्या अटी: मृत्युपत्र करणारा दोन साक्षीदारांसमोर सही करतो किंवा केलेली सही आपली म्हणून मान्य करतो, त्या क्षणी दोघंही एकाच वेळी हजर हवेत. मग दोघं त्याच्यासमोर सही करतात. एक साक्षीदार चहा आणायला बाहेर गेला तर कागद बाद. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रात काही दिलं असेल तर तेवढी देणगी बाद, बाकी मृत्युपत्र टिकतं. सहीनंतर साक्षीदाराने लाभार्थीशी लग्न केलं तर मात्र देणगीला धक्का नाही. आणि लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, ते लग्न मनात धरून केलेलं असल्याशिवाय. तुमच्या लेखिकेचं लग्न कधी झालं, हे एकदा तपासा.

ग्रंथालयातलं वाचन काढून टाका. असा विधी कायद्यात नाही. एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) पत्रं पाठवतो, लाभार्थ्याला घरी टपालाने कळतं. न्याहारीच्या टेबलावर एकटीने वाचलेलं पत्र दहा जणांच्या बैठकीपेक्षा जास्त बोचतं, असं माझं मत.

आता हेतू. खुन्याला बळीच्या मालमत्तेतून काही मिळत नाही. १९८२च्या कायद्याने न्यायालयाला थोडी सवलत देता येते, पण खुनाबद्दल दोषी ठरलेल्याला नाही, आणि १९५४ मध्ये तर तो कायदाच नव्हता. नवऱ्याला ठेवलेला मोठा वाटा मृत्युपत्रात पर्यायी नाव नसेल तर उरलेल्या मालमत्तेत पडतो. म्हणजे 'बाकी सगळं अमुकला' असं ज्याच्या नावापुढे लिहिलंय त्याचा वाटा नवरा दोषी ठरल्याने फुगतो. नवऱ्याला अडकवायचं कारण कायद्यानेच हातात दिलंय.

अवांतर: पती-पत्नी एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं ते कळलं नाही, तर १९२५च्या कायद्याप्रमाणे वयाने मोठा आधी मेला असं धरतात. पुढच्या कादंबरीला घ्या.

जीर्ण_अंक

प्रश्न ५, आणि जुनी_फाईल यांनी सुचवलेलं १९५४ इथे फार सुंदर बसतं. ब्रिटनमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूचं कॅलेंडर वर्ष संपल्यापासून ७० वर्षं. १९५४ मध्ये वारलेल्या लेखिकेचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ ला संपतो. तुमची चालू गोष्ट २०२४ची! नायकाला परवानगी लागतेच, आणि प्रकाशक म्हणतोय 'थांबा की, १ जानेवारीला फुकट आहे'. १९५३ केलंत तर हा ताण जातो.

पण एक मोठा खड्डा. हा हिशेब छापलेल्या कथेचा. कथा लेखिकेच्या हयातीत कुठेच छापली नव्हती आणि १ ऑगस्ट १९८९ पर्यंतही अप्रकाशितच होती, तर हक्क २०३९ अखेरपर्यंत चालतो. एखाद्या फडतूस साप्ताहिकात ती एकदा येऊन गेली होती का, यावर पंधरा वर्षांचा फरक. तो अंक ब्रिटिश लायब्ररीच्या बॉस्टन स्पामधल्या वर्तमानपत्रांच्या साठ्यात शोधायचा, किंवा कुणीतरी तो आधीच मागवलाय हे तिथे कळायचं.

माग काढण्याचा क्रम. टोपणनावामागचं खरं नाव आणि मृत्यूचं वर्ष पक्कं करा. दोघांनी मिळून लिहिलेली कथा असेल तर शेवटी मेलेल्याचं वर्ष धरतात. मग 'वॉच' नावाची हक्कधारकांची यादी बघा, ती रेडिंग विद्यापीठ आणि टेक्सासचं हॅरी रॅन्सम सेंटर चालवतात. तिथे नाही मिळालं तर प्रोबेटच्या, म्हणजे न्यायालयाने मृत्युपत्राला दिलेल्या मान्यतेच्या, नोंदी. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोबेट झालेलं मृत्युपत्र सार्वजनिक असतं, १८५८ पासूनची सूची आहे. कॉपीराइटचा वेगळा उल्लेख नसेल तर तो 'बाकी सगळं' मध्ये जातो, म्हणजे दोन_साक्षीदार म्हणतात त्याच माणसाकडे! मग त्याचं मृत्युपत्र, मग त्याच्या वारसाचं. तीन पिढ्या साखळी जोडायची. नायकाच्या दोन धंद्यांचा सांधा हाच, वेगळा योगायोग रचू नका.

साखळी मधेच तुटली तर २०१४ पासून ऑर्फन वर्क्स (हक्कधारक सापडत नाही अशा कृतींचा) परवाना मिळतो: कसून शोध घेतल्याची नोंद द्यायची, परवाना सात वर्षांपर्यंत, फक्त ब्रिटनपुरता, इतरांनाही मिळू शकेल असा. परवानगीच्या पत्रात कथेचं नाव, शब्दसंख्या, कोणते देश, छापील आणि ई-बुक, मुदत, मानधन एवढं हवंच. 'सर्व हक्क' मागितले की वारस बिचकतो, आणि बरोबर करतो. एका कथेच्या मानधनासाठी कुणी खून करत नाही. हेतू मालमत्तेतच ठेवा.

संपादनाचं सांगायचं तर: त्याच कथेचे मासिकातले आणि पुस्तकातले पाठ वेगळे असतात. मासिकात जागेसाठी परिच्छेद उडवलेले असतात आणि कधी सुगाव्याचं वाक्यच त्यात गेलेलं असतं. दोन्ही पाठ ओळीला ओळ लावून पाहा. स्कॅनवरून मजकूर काढताना इंग्रजी 'आर' आणि 'एन' जोडून 'एम' होतात, अवतरणचिन्हं हरवतात आणि कोण बोलतंय ते उलटतं. नव्या आवृत्तीची पानं तशीच स्कॅन करून छापू नका, कथा मुक्त असली तरी पानाच्या मांडणीवर २५ वर्षं वेगळा हक्क असतो. प्रत्येक कथेआधी लेखकाची ओळख दोन-तीनशे शब्दांत, आणि त्यात शेवटाचा वासही नको. 'अनपेक्षित खुनी' एवढं लिहिलं तरी निम्मी कथा मेली.

शेवटचं_पान

१९५४ पक्कं, ग्रंथालय गेलं, आर्सेनिक कोकोत. कथा अप्रकाशित समजली जाते आणि शेवटाकडे साप्ताहिकाचा अंक सापडतो, असं करतोय. एकच शंका: 'बाकी सगळं' मिळालेला माणूसच मृत्युपत्राचा एक्झिक्युटर असू शकतो का?

दोन_साक्षीदार

असू शकतो, नेहमीचंच आहे. फक्त त्याला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याची देणगी बाद होऊन तुमचा हेतूच उडेल. एक्झिक्युटर म्हणून कागदपत्रं, कपाटांच्या किल्ल्या आणि हस्तलिखितं लेखिकेच्या मृत्यूच्या दिवसापासून त्याच्याच हातात येतात. प्रोबेट नंतर मिळतं, पण अधिकार मृत्युपत्रातूनच आलेला असतो, त्यामुळे पोलिसांच्या आधी तिच्या टेबलापाशी पोचायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.